घरातलं एक माणूस

डुकराचं हृदय बसवून घ्यायला मी तयार झाले, याचा धक्का मला सोडून सगळ्यांना बसला. माणसाचं मिळत नाही म्हणून डुकराचं. शाळेत जन्मभर गणित शिकवलं, एवढा हिशेब मला कळतो.

माझ्या हृदयाच्या दोन्ही बाजू निकामी होत आल्यात, त्यामुळे नुसतं यंत्र बसवून भागत नाही. माणसाचं हृदय बसवावं, तर माझं रक्तच आडवं येतं. बऱ्याच तपासण्या करून डॉक्टर म्हणाले, "शंभर माणसांतल्या अठ्ठ्याण्णव जणांचं हृदय तुमचं रक्त नाकारेल." मी म्हटलं, "आमच्या स्टाफरूमला हे तपासणी न करताच ठाऊक होतं." डॉक्टर हसले नाहीत. हल्लीच्या डॉक्टरांना हसायला वेळ नसतो.

कारण मात्र त्यांनी नीट समजावून सांगितलं. मला तीनदा दिवस गेले होते. मूल एकही हाती लागलं नाही. पोटातल्या मुलात निम्मा वाटा बापाचा असतो, तो आईच्या रक्ताला परका वाटतो. मग रक्त त्याच्याशी झुंजायची तयारी करून ठेवतं आणि ती तयारी जन्मभर विसरत नाही. तिसऱ्या खेपेला आठव्या महिन्यात सगळं संपलं, तेव्हा मला अनोळखी लोकांच्या रक्ताच्या बाटल्या चढवल्या होत्या. त्यांनी यात भर घातली. हृदय दुबळं झालं तेही त्याच वेळी. इतकी वर्षं गोळ्यांवर ओढलं, आता गोळ्याही थकल्या.

तर इथल्या एका इस्पितळात हा नवा प्रयोग सुरू झालाय. शहराबाहेर एका बंदिस्त फार्मवर त्यांची डुकरं आहेत. माणसाच्या अंगाला सोसणार नाहीत अशी काही जनुकं त्यांच्यातून काढली आहेत आणि माणसाची काही घातली आहेत. माझं रक्त माणसांशी झुंजायला शिकलंय, या डुकरांशी नाही. आंघोळ करून, कपडे बदलल्याशिवाय कोणालाही तिथे आत सोडत नाहीत. आमच्या घरात देवालाही एवढं सोवळं कधी मिळालं नाही. शाळेतल्या एका बाईंनी "अहो, वराह म्हणजे विष्णूच की" असा मला धीर दिला. दुसरीने माझ्याकडे पाणी पिणं सोडलं, तेही हृदय बसायच्या आधीपासूनच.

डुक्कर तयार होतं, मीही तयार होते. अडलं ते माणसापाशी.

इस्पितळाच्या त्या विभागात रश्मी नावाची मुलगी आहे. पेशंटची समजूत घालणं, कागदपत्रं करून घेणं हे तिचं काम. घरात मराठी, बाहेर हिंदी-तेलुगू, अशी इथलीच वाढलेली. माझ्याशी मुद्दाम मराठीत बोलते आणि माझ्यातली मास्तरीण जागी करते.

"मॅडम, तुमचा क्लोज कॉन्टॅक्ट कोण? म्हणजे घरात तुमच्यासोबत राहतेत ते?"

"कोणी नाही."

"तसं नाही चालत की मॅडम. एक माणूस तर मस्ट आहे."

मला वाटलं, आणीबाणीत फोन करायला एखादा नंबर हवा असेल. ते नव्हतं. हृदयाबरोबर डुकराच्या अंगातला एखादा लपलेला विषाणू माझ्यात आला, तर तो माझ्यावरून पुढे कोणाकडे जातो हे त्यांना बघायचं असतं. म्हणून घरातलं एक माणूस त्यांना आपल्या नजरेखाली लागतं. त्या माणसाने माझ्यासोबत राहायचं, एकत्र जेवायचं. ठरल्या वेळी रक्ताचा नमुना द्यायचा. साधा ताप आला, सर्दी झाली, तरी कळवायचं. पुन्हा कधीही कोणाला रक्तदान करायचं नाही. दर महिन्याला इस्पितळातून फोन येणार, त्याला खरी उत्तरं द्यायची. मी मेले तरी त्याची सुटका नाही. त्याच्यावरची नजर तो जिवंत असेपर्यंत राहणार.

"हे लग्नापेक्षा भारी आहे," मी म्हणाले. "लग्न निदान एकाच्या मरणाने संपतं."

रश्मी गोड हसली. ती अजून बिनलग्नाची आहे.

"पगारी बाई ठेवली तर?"

"नक्को मॅडम. ती काम सोडून गेली तर आम्ही तिला कुठं शोधायचं? हॉस्पिटलची कमिटी ऐकत नाही. कोणीतरी असेलच की. रिश्तेदार, फ्रेंड... सोचून सांगा ना."

दिलसुखनगरला घरी परत येताना रिक्षात मी विचारच करत होते. आमच्या इमारतीखाली दोन कोचिंग क्लास आहेत. दिवसभर पोरांची अशी गर्दी असते की फाटकातून आत जायला मला "सरका" म्हणावं लागतं. दिवसातलं माझं बोलणं पुष्कळदा तेवढंच असतं. एवढी माणसं खाली, आणि वर माझ्या ताटासमोर एकही नाही. मला त्या दिवशी स्वतःची फार कीव आली. आली तर आली, कोण बघत होतं.

माझ्या भावाचा मुलगा अभिजीत इथेच, आयटीत आहे. भाऊ गेल्यापासून माझ्या बाजूचं रक्ताचं माणूस म्हणजे तोच. फोनवर त्याने पुरतं ऐकूनही घेतलं नाही. "आत्या, टेन्शन कायकू? संडेला येतो, साइन मारून देतो." यात त्याचा दोष नाही. आमचं घराणं वकिलीतलं आणि सरकारी नोकरीतलं. आबिड्सच्या पोस्टाजवळ माझ्या वडिलांचं ऑफिस होतं. कोणीही दाखला, दस्त घेऊन यावं, आणि वडिलांनी साक्षीदार म्हणून सही करावी. कोणाला सहीसाठी नाही म्हणणं आमच्याकडे पाण्याला नाही म्हणण्यासारखं धरतात. त्यामुळे सही हा आमचा धर्म, वाचणं ज्याची त्याची मर्जी.

रविवारी तो आला, सोबत त्याची बायको दीपाली. चहाचा कप रिकामा व्हायच्या आत त्याने सगळ्या पानांवर सह्या केल्याही. दीपाली दुसऱ्या घरातून आलेली, तिला वाचायची सवय. तिने पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं. मग कपबशा उचलायच्या निमित्ताने माझ्या मागे स्वयंपाकघरात आली.

"आत्या, तुम्हाला सांगायचंच होतं. मला तिसरा महिना लागलाय. अजून कोणाला बोललो नाही आम्ही." आणि मग, खाली बघून, "अभि तुमच्याकडे येऊन राहणार, मग घरी येणार... मला भीती वाटते हो."

ती वाईट वागली असं मी म्हणणार नाही. तिच्या जागी मी असते तर मी एवढी मऊ बोललेही नसते. मी बाहेर जाऊन सगळे कागद फाडले.

"अरे आत्या, मी आहे ना!" अभिजीत उठून उभा राहिला.

"तू आहेस. पण तिचा आहेस. जा, तिला जपून ने, स्पीड ब्रेकरवर गाडी हळू घे."

ते गेल्यावर मी दार लावलं आणि रडले. दीपालीचा मला आनंद झाला होता, आणि मला जगायचंही होतं. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

आता एकच माणूस उरलं होतं. माझा नवरा जिवंत आहे. हे वाक्य मी कितीतरी वर्षांत कोणापुढे उच्चारलेलं नाही. नवीन शेजाऱ्यांनी मला विधवा धरलं आणि मीही ते खोडलं नाही.

विनय त्याचं नाव. लिहिताना मी अरेतुरे करते, तोंडावर अहोजाहो. आमचं भांडण झालं नाही, काडीमोड झाला नाही. तिसऱ्या वेळेनंतर आम्ही दोघं एका घरात असे राहत होतो की एक खोलीत आला की दुसरा गॅलरीत जायचा. मग तारनाक्याला माझ्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या आणि विनय चार दिवसांसाठी म्हणून तिकडे गेला. सासूबाई गेल्या, चार दिवस काही संपले नाहीत. फक्त पाडव्याला तो येतो. पाटावर बसतो, मी ओवाळते, तो तबकात ओवाळणी टाकतो, जेवतो आणि "येतो" म्हणून जातो. आईने घातलेला नेम आहे, आई गेल्यावरही त्याने मोडला नाही. लोकांच्या घरी वर्षातून एकदा दिवाळी येते, माझ्याकडे नवराही येतो.

गरजेला गाढवाचेही पाय धरावे लागतात. मी रश्मीकडून नवे कागद घेतले, रिक्षा केली आणि तारनाक्याला गेले. रिक्षावाल्याने माझा श्वास ऐकून सबंध रस्ताभर रिक्षा सांभाळून चालवली आणि उतरताना म्हणाला, "हल्लू उतरो अम्मा." परक्या माणसाचं एवढंसं बोलणंही मला हल्ली पुरतं.

विनयचं घर तळमजल्यावर आहे. रेल्वेच्या ऑफिसातून तो दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाला. दार उघडून त्याने माझ्याकडे पाहिलं.

"आज काय पाडवा आहे का?"

"नाही. बसू द्याल का?"

त्याने खुर्चीवरची वर्तमानपत्रं उचलली आणि चहा केला, कपभर. हृदयामुळे मला दिवसाला पाणीही मोजून मिळतं. मी अर्धा चहा प्यायले आणि कप ठेवला. भिंतीवर ओळीने चौकटी होत्या. मला वाटलं, सासूबाई, सासरे असतील. जवळ जाऊन पाहिलं, तर सगळी रक्तदानाची प्रमाणपत्रं. त्या भिंतीवर माणसाचा फोटो एकही नव्हता.

मी त्याला सगळं सांगितलं. हृदय, डुक्कर, घरातलं एक माणूस. माझं रक्त माणसांना का नाकारतं तेही सांगितलं, कारण अर्धा वाटा त्याचा होता. तो ऐकत होता. ऐकता ऐकता माझा उरलेला चहा त्याने उचलून पिऊन टाकला, आपण काय करतोय हे लक्षातही न येता.

"म्हणजे ते अजून आहे," तो म्हणाला.

"काय?"

"त्यांचं काहीतरी. तुझ्या रक्तात."

"आहे म्हणतात."

"तिघांचंही?"

तिघं. हा शब्द आमच्यात कोणी कधी उच्चारला नव्हता. डॉक्टर 'केस' म्हणायचे, सासूबाई 'ते' म्हणायच्या, मी काहीच म्हणत नसे. मला एकदम वाटलं की हा माणूस इतकी वर्षं मनात मोजून बसला होता आणि मला ठाऊकही नव्हतं. मी कशीबशी "हौ" म्हणाले.

थोड्या वेळाने त्याने चष्मा लावला आणि कागद वाचायला घेतले, रेल्वेची नियमावली वाचावी तसे, प्रत्येक ओळीखाली बोट ठेवून. एका ओळीवर बोट थांबलं.

"रक्तदान करता येणार नाही?"

"कधीच नाही."

"मग हे नाही जमायचं, सुशीला."

मला आधी कळेचना. डुकराला लोक घाबरतात, रोगाला घाबरतात, हे मी समजू शकत होते.

"त्या रात्री तुला रक्त लागलं. माझं जुळलं नाही," तो म्हणाला. "कोणा कोणाचं चढलं, नावं पण ठाऊक नाहीत. तेव्हापासून देतो. दर तीन महिन्याला, एकदा पण चुकलो नाही. कँपमधले लोकां ओळखतेत मला."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हणाले, "अनोळखी लोकांचं तुम्ही सगळं केलंत. दिलसुखनगरला एक ओळखीची बाई होती, तिची मात्र वर्षातून एकदाच आठवण." आणखीही बोलले. दम लागला म्हणून थांबले, नाहीतर थांबले नसते. रिक्षा बोलावून त्याने मला बसवलं आणि कागद मात्र परत दिले नाहीत.

घरी येऊन मी अंथरुणावर पडून राहिले. राग ओसरल्यावर अक्कल आली. मी मागितलं काय होतं? परदेशात ज्यांच्यात असं हृदय बसवलं, ते काही आठवडे, काही महिने जगले, हे रश्मीने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मुलगी प्रामाणिक आहे. म्हणजे मी थोडी जगणार आणि जाणार. मागे विनय राहणार, ताप आला की कळवणारा, नमुने देणारा, जन्मभर पहाऱ्यात. आणि ज्या कँपमध्ये त्याला चार माणसं ओळखतात, तेही दार मी बंद करून जाणार. एवढं कोणाकडून घ्यायचं, तर त्याला आधी काहीतरी दिलेलं असावं लागतं. मी ठरवलं की त्याला मोकळं करायचं आणि रश्मीला सांगायचं, माणूस नाही. ठरवल्यावर फार भीती वाटली.

त्याला फोन करायचा तर नंबर होता, पण पाडव्याशिवाय बोलायची सवय नव्हती. उद्या करू, परवा करू, असं चाललं होतं. तेवढ्यात एका दुपारी दारावरची बेल वाजली. विनय उभा होता, हातात एक बॅग, काखेत ते कागद.

मी त्याला बसूही दिलं नाही. म्हटलं, "ऐका आधी. मला नको तुमची सही. मी फार दिवस जगणार नाही, हृदय बसवलं तरी. नंतर तुम्ही जन्मभर अडकाल. दर महिन्याला फोन येईल. ताप आला का, खोकला आहे का, कुठे गेला होता, कोणाबरोबर जेवलात. काही सांगायला चुकलात तर माणूस घरी येईल. हे सगळं माझ्यापायी तुम्ही का भोगावं?"

तो बॅग खाली ठेवून खुर्चीत बसला.

"ते फोनचं मी वाचलो," तो म्हणाला. "खरंच करतेत का ते फोन? की नुसतं कागदावर आहे?"

"खरंच करतात."

"कँपमध्ये पण विचारतेत. सुई लावायच्या आधी. जेवलात का, रात्री झोप लागली का, काही त्रास नाही ना. एक सिस्टर आहे, ती विचारते. मग माझं ऐकून लिहून घेते." तो थांबला. "तू म्हणालीस ना त्या दिवशी, अनोळखी लोकांसाठी करता म्हणून. पहिल्या दोन-चार वेळा तसं होतं. नंतर नाही. नंतर मी त्या विचारण्यासाठी जात होतो. दर तीन महिन्याला कोणीतरी विचारायचं."

मी त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसले.

"आता पासष्ट वर्षांचा झालो की ते पण घेत नाहीत. नियम आहे. मग तिथे पण काही काम नाही." त्याने कागद मांडीवर सरळ केले. "हे तर दर महिन्याला आहे."

"हो."

"आणि तू गेल्यावर पण चालू राहील? मध्येच बंद तर नाही ना करणार?"

नवऱ्याने बायकोला विचारायचा हा प्रश्न नव्हे. तो मात्र अगदी मनापासून विचारत होता. माझ्या मरणानंतर आपल्याला फोन येत राहील ना, एवढीच त्याला खात्री हवी होती. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. तो माझ्यासाठी आला आहे असं मला बॅग बघून वाटलं होतं. पण त्याच्यावर रागावता येईना, कारण तो काय म्हणतोय ते या शहरात माझ्याइतकं कोणालाच कळलं नसतं.

मी त्याच्या हातून कागद घेतले, शेवटून दुसरं पान काढलं आणि फोन जन्मभर चालू राहील हे कलम त्याला दाखवलं. त्याने ओळीखाली बोट ठेवून ते दोनदा वाचलं. मग खिशातून पेन काढलं आणि सही केली.

बॅग कुठे ठेवू, असं त्याने विचारलं. मी आतली खोली दाखवली आणि स्वयंपाकघरात आले. डब्यातून तांदूळ काढायला घेतले आणि हात थांबला. दोघांना किती लागतात ते मला आठवेना. मी आतल्या खोलीकडे तोंड करून विचारलं, तर त्यालाही सांगता येईना.